अंतूरचा कडा आणि आमचीं दप्तरें

आम्ही राहतों तें पाचोड गांव पैठण तालुक्यांत, छत्रपति संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या सडकेवर आहे. मोसंबीच्या बाजारामुळें हल्लीं त्याचें नांव लोकांस ठाऊक झालें आहे. परंतु जुन्या ग्रंथांचा नाद असणाऱ्यास येथें राहण्याचें खरें सुख असें कीं, सातवाहनांचें प्रतिष्ठान आपल्याच तालुक्यांत आहे ही जाणीव नित्य मनांत असते. प्रस्तुत लेखाचा विषय भिल्ल जमात व तिजविषयींचे आमच्या संग्रहांतील कागद हा आहे. तरी त्याचा आरंभ प्रतिष्ठानापासूनच करणें सोयीचें पडेल.

गुणाढ्याची कथा वाचकांस विदित आहेच. जलक्रीडेच्या वेळीं राणीच्या एका संधियुक्त वाक्याचा अर्थ न कळल्यामुळें सातवाहन राजा लज्जित झाला व संस्कृत शिकण्याचा त्यानें हट्ट धरला. गुणाढ्यानें सहा वर्षांची मुदत सांगितली, शर्ववर्म्यानें सहा महिन्यांची. पैजेंत गुणाढ्य हरला आणि ठरल्याप्रमाणें संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडून मुका होऊन विंध्यारण्यांत गेला. तेथें तो पैशाची शिकला. तींत त्यानें सात लक्ष श्लोकांची कथा रचिली, आणि रानांत शाई मिळेना म्हणून ती आपल्या रक्तानें लिहिली. शिष्यांनीं ती पोथी प्रतिष्ठानास नेली. राजानें काय पाहिलें? भाषा पिशाचांची व अक्षरें रक्ताचीं एवढेंच पाहिलें, आणि पोथी परत पाठविली. मग गुणाढ्यानें एका टेकडीवर अग्नि पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखविलें व जाळलें. राजास पश्चात्ताप होऊन तो धांवत आला तेव्हां सहा लक्ष श्लोकांची राख झालेली होती. एक लक्ष उरले.

ही कथा सोमदेव व क्षेमेंद्र यांनीं अकराव्या शतकांत काश्मीरांत सांगितली, म्हणजे सातवाहनांचें राज्य संपल्यावर सुमारें आठशें वर्षांनीं. तेव्हां ती घडली असेल असें धरून चालणें बरोबर नाहीं. पैशाची म्हणजे भिल्ली असेंही आमचें म्हणणें नाहीं. आम्हांस तिचें महत्त्व वाटतें तें ग्रंथसंग्राहक या नात्यानें. पोथी नाकारली गेली ती वाचून नव्हे, तर ती कोठून आली हें पाहून. अरण्यांतून आलेल्या वाणीस राजसभेचा दरवाजा बंद होता, हें निदान कथाकारास तरी कळलें होतें व त्याची खंतही त्यास वाटत होती. आमच्या शास्त्रग्रंथांत ती खंत फारशी आढळत नाहीं.

ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाच्या आख्यानांत विश्वामित्राच्या ज्या पन्नास वडील पुत्रांनीं शुनःशेपास ज्येष्ठ मानण्याचें नाकारलें, त्यांस बापानें शाप दिला. आणि त्यांचेच वंशज आंध्र, पुंड्र, शबर, पुलिंद व मूतिब असें तें आख्यान सांगतें. आम्ही शिकतांना व शिकवितांना हा भाग शापकथा म्हणून वाचला. पण नीट पाहिलें तर त्यांत एक मोठीच कबुली आहे: शबर व पुलिंद हे परके नव्हेत, घरचेच वडील मुलगे, त्यांचा अपराध इतकाच कीं मागून आलेल्यास वडिलकी देण्यास त्यांनीं मान्यता दिली नाहीं. अमरकोशाच्या काळापर्यंत ही कबुलीही पुसली गेली होती. तेथें किरात, शबर व पुलिंद हे शूद्रवर्गांत, म्लेच्छांचे प्रकार म्हणून नोंदलेले आहेत. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखांत तिच्या पुत्रास सह्य, विंध्य, पारियात्र इत्यादि पर्वतांचा स्वामी म्हटलें आहे. पर्वतांचीं नांवें एकामागून एक येतात. त्या पर्वतांवर राहणाऱ्यांचा तेथें पत्ताच नाहीं. जमीन मोजली गेली व माणसें गाळलीं गेलीं, असा हा प्रशस्तिलेख आहे.

कौटिल्य मात्र व्यवहारी मनुष्य. त्यानें सैन्याचे जे सहा प्रकार सांगितले आहेत त्यांत शेवटचा अटवीबल हा आहे. अरण्यवासी लोक भरंवशाचे नसतात, लुटीच्या आशेनें लढतात, पण योग्य जागीं उपयोगी पडतात, असा त्याचा अभिप्राय. हा अभिप्राय वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें दोन हजार वर्षांनंतर तो इंग्रजी पोशाखांत पुन्हा भेटणार आहे.

आतां पाचोड सोडून जिल्ह्याच्या अगदीं दुसऱ्या टोकास जाऊं. कन्नड तालुक्याच्या उत्तर सीमेवर सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेचा एक सोंडा खानदेशाकडे पुढें आला आहे, त्यावर अंतूरचा किल्ला आहे. संशोधकांस तो दोन गोष्टींसाठीं परिचित आहे: एक किल्ल्यांतील निजामशाहीचे फार्सी शिलालेख, व दुसरी दक्षिणेकडच्या वाटेवर उभा असलेला, गांवांच्या दिशा दाखविणारा चौकोनी दगडी खांब. त्या खांबाचे ठसे घेण्यास उत्साही मंडळी जातात व जावें हें योग्यच. परंतु खांब पाहून परतणाऱ्यांपैकीं कितीजण किल्ल्याच्या कड्यापाशीं थांबतात?

कप्तान ग्रॅहॅम या इंग्रज अधिकाऱ्यानें १८४३ मध्यें खानदेशांतील भिल्लांचा एक ऐतिहासिक वृत्तांत लिहिला. पुढें १८८० च्या खानदेश गॅझेटियरानें त्याचाच आधार घेतला. त्यांत पेशवाईच्या अखेरच्या वर्षांचें जें वर्णन आहे तें वाचवत नाहीं. कोठेंही संशयित भिल्ल सांपडला कीं चौकशी न करितां फटके व फांशी. कित्येकांस तापविलेल्या तोफांवर व लोखंडी खुर्च्यांवर भाजलें. आणि वर्षास शेंकडों लोक अंतूरच्या कड्यावरून खालीं लोटले. कोपरगांव, चाळीसगांव, धरणगांव व अंतूर या ठिकाणीं तर क्षमेचें आश्वासन देऊन टोळ्याच्या टोळ्या बोलाविल्या व मारल्या. स्त्रिया व मुलें हींही सुटलीं नाहींत. कोपरगांवचें कृत्य पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याच्या नांवावर आहे. भेटीस बोलावलेल्या भिल्लांस पकडून त्यानें तेथील विहिरींत टाकविलें, असें तो वृत्तांत सांगतो.

येथें आमचे कांहीं मित्र म्हणतील, ग्रॅहॅम हा कंपनीचा नोकर, मराठी राज्यास काळें फासण्यांत त्याचा स्वार्थ होता. ही शंका रास्त आहे. कंपनीचें राज्य दयेचें व आधींचें क्रौर्याचें असें दाखविणें ही त्या काळच्या प्रत्येक इंग्रजी अहवालाची चाल आहे, आणि १८१८ नंतर कंपनीनेंही भिल्लांस कांहीं कमी फांशीं दिलें नाहीं. म्हणून ग्रॅहॅमचा आंकडा जसाच्या तसा घ्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु हीच कसोटी आमचे मित्र आमच्या दप्तरांस लावतात काय? कमाविसदारानें हुजुरांस लिहिलेल्या पत्रांतही लिहिणाराचा स्वार्थ असतोच. खर्च मंजूर करून घ्यावयाचा, शिबंदी वाढवून घ्यावयाची, वसूल कां तुटला याचें कारण द्यावयाचें, तर भिल्लांच्या दंग्याहून चांगलें कारण कोणतें? इंग्रजांची साक्ष तपासून घ्यावयाची आणि कारकुनाची साक्ष शिक्कामोर्तब पाहून मान्य करावयाची, हा न्याय नव्हे.

दप्तरांतील शब्दांकडे या दृष्टीनें पाहूं लागलें म्हणजे पुष्कळ गोष्टी उघड होतात. भिल्लांच्या संबंधांत येणारा नेहमींचा शब्द पारिपत्य. मोहीम शत्रूवर होते, तह राजाशीं होतो, पारिपत्य मात्र चोराचें होतें. म्हणजे ज्या क्षणीं कारकुनानें हा शब्द लिहिला त्या क्षणींच समोरच्या पक्षास पक्ष म्हणून उभें राहण्याचा अधिकार संपला. दुसरा शब्द बंदोबस्त. घाटाचा बंदोबस्त, म्हणजे घाटांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचा बंदोबस्त. तिसरा व सर्वांत बोलका शब्द कौल. वाचकांपैकीं ज्यांनीं मोडींतील गांवचे कागद चाळले आहेत त्यांस हा शब्द घरचा आहे. ओसाड गांव पुन्हा वसवावयाचें तर रयतेस कौल देत. पळून गेलेल्या कुळास परत आणावयाचें तर कौल देत. तें सरकारचें अभयवचन. त्यावर सगळ्या मुलखाचा व्यवहार चाले, कारण कौल मोडला तर पुढच्या वर्षीं नांगर धरावयास कोणी येणार नाहीं हें सरकारास पक्कें ठाऊक होतें. ग्रॅहॅमच्या वृत्तांतांतील क्षमेचें आश्वासन आमच्या भाषेंत आणलें तर तें कौल हाच शब्द होईल. कुणब्यास दिलेला कौल मोडतांना जें राज्य दहादां विचार करी, त्यास भिल्लास दिलेला मोडतांना तो विचार शिवला नाहीं. याचें कारण क्रौर्यांत शोधण्यापेक्षां जमाबंदींत शोधणें अधिक फलदायी होईल असें आम्हांस वाटतें. कुणबी वसुलाच्या कागदावर होता. भिल्ल तेथें नव्हता. तो फक्त खर्चाच्या कागदावर होता.

पण पूर्ण सत्य हेंही नव्हे. आणि येथेंच आमच्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा येतो. भिल्ल कागदावर नव्हताच असें नाहीं. तो निराळ्या कागदांवर होता, ज्या कागदांस आम्ही संग्राहक किंमत देत नाहीं. गांवच्या हक्कदारांच्या यादींत जागल्या आहे. खानदेशांत व सातमाळ्याच्या पायथ्याच्या गांवांत तो बहुधा भिल्ल असे. रात्रीं गांव राखावें, चोरीचा माग काढावा, व त्याबद्दल खळ्यावर धान्याचा वांटा घ्यावा, ही त्याची वृत्ति. घाटांतील नाईकांस वाट राखण्याबद्दल जाणाऱ्या मालावर हक्क असे. म्हणजे एकाच तालुक्याच्या दप्तरांत भिल्ल दोन ठिकाणीं भेटतो: एका रुमालांत चोर म्हणून, दुसऱ्यांत चोर पकडणारा म्हणून. पहिल्या रुमालाचें आम्ही संपादन केलें, छापलें, सूची केली. दुसरा, हक्कांच्या याद्या व खळ्याचे हिशेब यांचा म्हणून, क्षुद्र समजून बाजूस ठेवला.

हे दोन रुमाल शेजारीं ठेवून वाचले तर काळाचा क्रम स्पष्ट दिसतो. गॅझेटियरकारही हें मान्य करितो कीं, १८०२ सालची होळकरांची धामधूम व त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ येईपर्यंत खानदेशांतील भिल्ल गांवकऱ्यांशीं सलोख्यानें राहून राखणदारी करीत होते. गांवें ओस पडलीं, खळें उरलें नाहीं, खळ्यावरचा वांटा उरला नाहीं. तेव्हां राखणदार डोंगरांत गेला. ज्यास दप्तरें दंगा म्हणतात तो बुडालेल्या वतनाची मागणी होती. देशमुखाचें वतन बुडालें तर तो हुजुरांस अर्ज करी व आम्ही तो अर्ज ऐतिहासिक साधन म्हणून छापतों. भिल्लास लिहितां येत नव्हतें. त्यानें बाण सोडला. अर्जाचा मजकूर एकच होता.

कंपनी सरकारास ही गोष्ट आमच्याहून लवकर कळली असें म्हणणें प्राप्त आहे. १८१८ पासून सात वर्षें फौजा पाठवून झाल्या, नाईक पकडून झाले, तरी डोंगर शांत होईना. तेव्हां १८२५ मध्यें निराळें धोरण आलें. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकीं दक्षिणेकडची आमच्या कन्नड येथें होती. नाईकांस नेमणुका, जमिनीस तगाई, जुन्या हक्कांची चौकशी असा तिचा उद्योग. त्याच वर्षीं लेफ्टनंट औट्राम यानें धरणगांवीं भिल्लांची पलटण उभारिली, व भिल्लांच्याच हातांनीं भिल्लांचा बंदोबस्त सुरू झाला. कौटिल्याच्या अटवीबलाची आठवण ज्यास येथें होणार नाहीं त्यानें अर्थशास्त्र वाचलें ही गोष्ट विसरावी. औट्रामच्या शौर्याच्या व मनमिळाऊपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत व त्या खोट्या आहेत असें नव्हे. परंतु धोरणाचा हिशेब असा कीं, हक्काच्या जागीं पगार आला. हक्क बापाकडून मुलाकडे जातो; पगार साहेबाच्या मर्जीनें मिळतो व मर्जीनें बंद होतो.

तो फरक १८५७ मध्यें दिसला. भागोजी नाईक हा नगरच्या पोलिसांत अधिकारी होता. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाच्या राखणीवर होता. दोघेही सरकारच्या पगारावर राहिलेले, दोघेही उठले. भागोजीच्या लोकांशीं नांदूर-शिंगोट्याजवळ ऑक्टोबर १८५७ मध्यें झालेल्या चकमकींत इंग्रज पोलीस अधिकारी हेन्री ठार झाला; भागोजी पुढें दोन वर्षें डोंगर व मोगलाईचा मुलूख यांच्या आधारानें टिकला व नोव्हेंबर १८५९ मध्यें सिन्नर तालुक्यांत मारला गेला. खाज्याची मोठी लढाई एप्रिल १८५८ मधील अंबापाणीची. या दोघांस अलीकडे स्वातंत्र्यवीर म्हणण्याची पद्धत पडली आहे. म्हणावें, आमचा विरोध नाहीं. पण पुतळा उभा केला म्हणजे घाटाच्या हक्काचा प्रश्न सुटला असें कोणी समजूं नये.

पुढील शतकांत जें झालें तें थोडक्यांत सांगतों, कारण तें सर्वत्र सारखेंच आहे. १८७८ व १९२७ च्या कायद्यांनीं इंग्रजी मुलखांतील जंगल राखीव होत गेलें. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या व १९५२ मध्यें तो कायदा रद्द होईपर्यंत तशाच राहिल्या. दप्तरांतील चोर हा शब्द असा कायद्यांत गेला. निजामाच्या राज्यांत जंगलाचा कायदा १३५५ फसलीचा, म्हणजे १९४५ सालचा, शेवटचा. लांकूड, डिंक, मोहाचें फूल, चराई, ज्या ज्या वस्तूंवर डोंगरांतील माणूस जगत होता त्या त्या वस्तूंस परवाना लागूं लागला.

आतां हा सर्व जुना इतिहास झाला, त्यांत आज काय अडलें आहे, असें कोणी विचारील. आज अडलें आहे तें कागदांतच अडलें आहे, व म्हणून हें गाऱ्हाणें संग्राहकांपुढें मांडण्यास आम्ही धजलों.

१९५० मध्यें राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जमातींच्या याद्या झाल्या. हैदराबाद संस्थानाच्या यादींत भिल्ल होते. अंध, गोंड, कोलाम, परधान हेही होते. आज त्या जमातीच्या मुलास शिष्यवृत्ति, प्रवेश वा नोकरी मिळावयाची तर दाखल्याची पडताळणी होते. १९९४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें तिची पद्धत घालून दिली व पुढें महाराष्ट्रानें २००० सालीं त्याचा अधिनियम केला. या पडताळणींत १९५० पूर्वींच्या कागदास सर्वांत अधिक वजन आहे. चालीरीति व दैवतें विचारून जमात ओळखण्याची जी चांचणी आहे, ती एकटी निर्णायक समजूं नये असें सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२३ मध्यें सांगितलें. त्यामुळें कागदाचें वजन आणखीच वाढलें. आणि कागद कोणाजवळ? ज्याच्या आजास शाळेनें दाराबाहेर ठेविलें, ज्याच्या नांवें सातबारा नव्हता, त्याजवळ कागद असावा ही अपेक्षा. तो कागद असलाच तर गांवच्या कुलकर्ण्याच्या माळ्यावर, जुन्या शाळेच्या कपाटांत, किंवा आपल्यासारख्यांच्या संग्रहांत आहे.

आम्ही शाळामास्तर होतों म्हणून एक गोष्ट सांगतों. एका खेड्यांतील शाळेंत (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) जुनीं दाखल-खारिज रजिस्टरें वाळवी लागली म्हणून रद्दींत काढलीं होतीं. त्यांतील एक आम्ही सहज उचललें. मजकूर उर्दू, सन फसली. जातीच्या रकान्यांत एका मुलापुढें भिल्ल, त्याच्याच धाकट्या भावापुढें नाईक, आणि तिसऱ्या भावाच्या वेळीं लिहिणारे मास्तर बदललेले, त्यांनीं नुसतें हिंदू लिहून मोकळें केलें. नाईक ही भिल्लांची मानाची पदवी. रामोशी, बेरड व बंजारा यांतही ती आहे. मास्तरानें मानानें लिहिलें, पण तो मान आतां पडताळणींत नडतो. त्या रजिस्टराचें पान पाहावयास पुढें त्या घरचा नातू आला तेव्हां आम्हांस कळलें कीं, आम्ही ज्यास रद्दी समजून केवळ कुतूहलानें उचललें होतें तो त्याचा वतनाचा कागद होता. इतर रजिस्टरें तोंवर गेलीं होतीं. आमच्या नोकरीच्या काळांत आम्हीही निष्काळजीपणानें रकाने भरले असतील. तें आठवून आतां संकोच होतो.

फसली सनाविषयीं एक व्यवहाराची सूचना येथेंच करितों. आमच्या मंडळींस मराठी दप्तरांतील शुहूर सन पाठ असतो. निजामी कागदांत मात्र ते अडखळतात. निजामाचें फसली वर्ष आझुर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत, सुरू होई. आझुरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेस फसली सनांत ५९० मिळवावे, जानेवारीनंतरच्या तारखेस ५९१. एका वर्षाची ही चूक आमच्या टिपणांत किरकोळ वाटते; कोणाच्या अर्जांत तीच मोठी ठरते.

जमिनीच्या बाबतींतही हीच स्थिति. आदिवासींच्या ज्या जमिनी १ एप्रिल १९५७ पासून ६ जुलै १९७४ पर्यंत इतरांच्या हातीं गेल्या त्या परत करण्याचा कायदा महाराष्ट्रानें १९७४ मध्यें केला. त्याच्या मागें शहाद्याकडील भिल्ल शेतमजुरांची चळवळ व १९७२ मधील श्रमिक संघटना होती, हें त्या कायद्याच्या प्रस्तावनेंत कोणास सांपडणार नाहीं. वनहक्कांचा अधिनियम २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीं ज्याचा ताबा होता त्या आदिवासीचा वनजमिनीवरील हक्क तो मान्य करितो. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून काय चालतें याची यादी संग्राहकांनीं अवश्य वाचावी. गॅझेटियर, खानेसुमारी, पाहणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे हे तर आहेतच; जुन्या नोंदींतील व्यक्तीपर्यंत पोंचणारी वंशावळ चालते; आणि दावेदारावांचून दुसऱ्या एखाद्या वृद्धानें सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकतही चालते. कायदा जी म्हाताऱ्याची साक्ष ग्राह्य धरितो ती आमच्या संशोधनांत अजून दंतकथा म्हणून बाजूस पडते! राजवाड्यांच्या नांवाची संस्था ज्या धुळ्यांत आहे त्याच धुळ्यांत शरद पाटील यांनीं १९७८ मध्यें सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, आदिवासींत काम केलें, आणि पाणिनि मुळांतून वाचावयाचा म्हणून प्रौढपणीं संस्कृत शिकले. प्राचीन गणसमाजाविषयींचे त्यांचे सर्व निष्कर्ष आम्हांस पटतात असें नाहीं; व्युत्पत्तीवर ते फार भार देतात असें आमचें मत आहे. पण शास्त्रग्रंथ व पाडा ही दोन्ही एकाच अभ्यासकाचीं साधनें होऊं शकतात हें त्यांनीं दाखविलें. दामोदर कोसंबी यांनीं पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायीं फिरून तेंच केलें. गोदावरी परुळेकर यांनीं वारल्यांच्या १९४५ च्या लढ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या नांवानें १९७० मध्यें लिहिली; तिला ललित आत्मकथन म्हणून बक्षिसें मिळालीं, साधनग्रंथ म्हणून मात्र आमच्या सूच्यांत ती क्वचितच येते. हे सर्व डाव्या मताचे, म्हणून आमच्या कांहीं सभासदांस अप्रिय. मत बाजूस ठेवा. पद्धति तरी घ्या.

एक इशाराही देणें जरूर आहे. जुना कागद हा कोणाच्याही बाजूचा नसतो. ज्याचा दावा खरा नाहीं त्याच्या विरुद्धही तो बोलेल, व खोट्या दाव्यांनीं खऱ्या भिल्लाची जागा अडविलेली आहे अशी तक्रार त्या जमातींतूनच ऐकूं येते. म्हणून नक्कल देतांना मूळ अक्षर जसेंच्या तसें द्यावें. नाईक असेल तर नाईक, हिंदू असेल तर हिंदू. अर्थ लावावयाचा तो निराळ्या टिपणांत, सहीनिशीं. खाडाखोड असलेली जागा तशीच दाखवावी.

तरी कन्नड, सिल्लोड, सोयगांव, खुलदाबाद, वैजापूर व आमचा पैठण या तालुक्यांतील मोडी किंवा उर्दू कागद ज्या सभासदांजवळ असतील त्यांस विनंति कीं, पुढील त्रैमासिकापूर्वीं त्यांनीं तीन प्रकारच्या नोंदी काढून पाठवाव्यात: हक्कदारांच्या याद्यांतील जागले व नाईक यांचीं नांवें, गांवासह, घाटांच्या राखणीबद्दलचे हक्क, आणि १९५० पूर्वींच्या शाळांचीं दाखल-खारिज रजिस्टरें जेथें असतील तेथील ठिकाण. मूळ कागद पाठवूं नये, नक्कल पुरे. ज्या सभासदांस अंतूरास जाण्याचा योग येईल त्यांनीं खांबाच्या ठशाबरोबर पायथ्याच्या वाड्यांतील दोनतीन म्हाताऱ्यांची हकीकतही लिहून आणावी. कड्याला ते काय नांव देतात हें आधीं विचारावें.